नावाला टेकू

पिएत्रामोरा, १४ फेब्रुवारी १९८८

फिलोमेना,

"माझ्या नावाच्या बाळाला आशीर्वाद." चार शब्दांची तार, आणि त्यातला पहिलाच खोटा.

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेदेत्ताने पत्राचा मायना शिकवला तेव्हा मनात नसेल ते लिहू नये, असंही शिकवलं होतं. तू त्या दिवशी नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघत असशील.

बाळ तुझ्या नावाचं नाही. आपल्या गावात पहिली मुलगी बापाच्या आईचं नाव घेऊन येते. बाळाचा बाप गेरार्दो, गेरार्दोची आई मी, आणि माझं नाव फिलोमेना यान्नूत्सी. तुझंही तेच आहे ही आपल्या आजीच्या दोन मुलांची कृपा. दोघांना एकाच हिवाळ्यात मुली झाल्या आणि दोघांनाही आईचं नाव पुढे चालवायची घाई. दोन घरांत दोन फिलोमेना यान्नूत्सी. मी पाच आठवड्यांनी मोठी. पण तुझे वडील थोरले, म्हणून पूर्ण नाव तुझ्याकडे गेलं आणि मला मेना म्हणू लागले. कॉन्व्हेंटच्या हजेरीतसुद्धा तू 'पहिली' आणि मी 'दुसरी'. चौसष्ट वर्षं मी नावाच्या शेपटावर काढली.

खरं सांगायचं तर हे नाव ठेवू नका, असं मीच म्हटलं होतं. मार्त्सियाला, म्हणजे माझ्या सुनेला, मी स्पष्ट सांगितलं, "फिलोमेना म्हटलं की कापराच्या गोळ्या आठवतात. काळे लोकरी मोजे, हनुवटीवरचे चार केस आणि सगळ्यांच्या अंत्ययात्रेला पुढे चालणारी बाई. पोरीच्या वर्गात सगळ्या देबोरा आणि समांता असतील, त्यात ही कुठे जाऊन बसेल?"

मार्त्सिया फेर्राराची, उत्तरेकडची, तिकडच्यांना आपलं जुनं सामान फार आवडतं. म्हणाली, "आई, मला आवडतं हो. म्हणताना तोंड भरतं. आणि गेरार्दो म्हणतो, आजीचं नाव ठेवलं नाही तर तिला टेकू मिळत नाही. म्हणजे काय?"

"म्हणजे म्हाताऱ्या भिंतीला वासा लावतात तसं," मी म्हटलं. "नातीला नाव दिलं की आजी आणखी काही वर्षं उभी राहते. अडाणी समजूत आहे."

गेरार्दो पाळण्याशी उभा होता. तो म्हणाला, "मात्र पूर्ण हाक मारायची हं सगळ्यांनी. मेना नाही, मेनुच्चा नाही. फिलोमेना."

मी चुलीकडे वळले आणि कांदा चिरायला घेतला. त्या दिवशी कशातच कांदा लागणार नव्हता.

तार मागे घेता येत नाही, हे मला कळतं. यापुढे काही पाठवू नकोस, एवढंच.

मेना


२ मार्च १९८८

फिलोमेना,

उत्तर आलं नाही, ते बरं झालं. पण गप्प बसून तू काय केलंस ते मला आज कळलं, आणि ते दोन वेगवेगळ्या तोंडांतून.

पहिलं तोंड बेकरीवालीचं, असूंताचं. सकाळी पाव आणायला गेले तर म्हणाली, "अभिनंदन मेनाबाई. तुरिनच्या बाईचं नाव ठेवलंत म्हणे."

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? फिलोमेना म्हणताय ना तिला, अख्खं? तुमचं ठेवलं असतं तर मेना म्हटलं असतं."

मागे रांगेत चांभाराची विधवा होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. "तिकडे त्या बाईला ना मूल ना बाळ, आता नवराही गेला. तिला कोण टेकू देणार? मेनाबाईंचं मन मोठं."

"माझं मन मोठं नाही," मी म्हटलं, "आणि असूंता, हा पाव कालचा आहे."

दुपारपर्यंत आणखी तिघींनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. या गावाने आजवर एक गोष्ट धड ओळखलेली नाही. मी नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदींवर अडतीस वर्षं काढली. कोण कोणाचा, हे इथल्या लोकांना किती माहीत असतं ते मला विचार. आणि अशा गावाने डोळे मिटून दगड मारावा आणि तो नेमका

हे वाक्य मी पुरं करणार नाही आणि खोडणारही नाही. कागद चांगला आहे.

दुसरं तोंड गेरार्दोचं. त्याने तुला फोन करून बाळाची धर्ममाता व्हायला सांगितलं आणि तू लगेच हो म्हणालीस. लगेच. विचार करते म्हणाली नाहीस, मेनाला विचार म्हणाली नाहीस. म्हणजे बाप्तिस्म्याच्या दिवशी अख्ख्या गावासमोर बाळ तुझ्या हातात, कुंडावर धरलेलं. धर्मगुरू विचारणार, या बाळाचं नाव काय? आणि सगळे तुझ्याकडे बघणार.

मी गेरार्दोला म्हटलं, "तिला कशाला एवढ्या लांबून? दगदग होईल."

"आई, मावशी माझ्या लहानपणापासून दर नाताळला पार्सल पाठवते. तू ते कपाटावर टाकून देतेस. तिने तुझं काय केलंय?"

"काही केलेलं नाही."

"मग?"

त्या 'मग'वर मी मक्याची पोलेंता ढवळायला घेतली.

नाही म्हणून कळव. आजारी पड. तुरिनमध्ये आजार पुष्कळ असतील, तिथे धूर आहे.

मेना


२० मार्च १९८८

फिलोमेना,

तुझं पत्र आलं. अक्षर अजून तसंच आहे, सिस्टर बेनेदेत्ताचं लाडकं. त्यात एक वाक्य आहे, "मेना, तेहतीस वर्षांत मी काही मागितलेलं नाही." ते मी तीनदा वाचलं. खोटं आहे. १९५८ साली मागितलंस. तू विसरली असशील तर मी सांगते, कारण सांगायला आता आपल्या दोघींशिवाय कोणी उरलेलं नाही.

१९५४ साली धरणाची जमीन मोजायला आलेला तो माणूस आधी गेला, आणि तू पोटातलं मूल घेऊन माझ्याकडे नंतर आलीस. तुझे वडील तुला घराबाहेर काढतील, हे नक्की होतं. माझं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, पाळणा हललेला नव्हता. माझा नवरा कार्मीने बेल्जियमच्या खाणीत. ऑगस्टमध्ये येऊन गेलेला, त्यामुळे तारखा जुळत होत्या. योजना माझी होती, हे मी नाकारत नाही. गावाला सांगितलं की मेनाला दिवस गेलेत, नेपल्सच्या डॉक्टरने पडून राहायला सांगितलंय, आणि फिलोमेना तिच्या सोबतीला जातेय. गावाने नेहमीप्रमाणे सगळं उलटं समजून घेतलं.

१९५५च्या मे महिन्यात नेपल्सच्या त्या इस्पितळात नर्सने तुला नाव विचारलं. तू म्हणालीस, फिलोमेना यान्नूत्सी. गाव पिएत्रामोरा, वय एकतीस. सगळं खरं, लग्न झालं तरी कागदावर बाईचं माहेरचंच नाव राहतं. बोटात अंगठी होती आणि नवऱ्याचं नाव तू कार्मीने सेस्सा सांगितलंस. खोटं तेवढंच, आणि ती अंगठी माझी होती. नोंदीची प्रत गावच्या पुस्तकात उतरवायला आली तेव्हा टेबलामागे मीच बसले होते. मी माझ्या हाताने, माझ्या नावाने, माझा मुलगा लिहून घेतला. एका अक्षरात बदल करावा लागला नाही. दुसऱ्या कुठल्या गावात हे जमलं नसतं. तिथे दोन चुलत बहिणींना एकच नाव देण्याइतके लोक हट्टी नसतात.

भूकंपात नगरपालिका पडली तेव्हा मी आत शिरून नोंदवह्या बाहेर काढल्या. धीट बाई म्हणून माझा सत्कार झाला. कुठल्या सालची वही आधी काढली, ते कोणी विचारलं नाही.

आता १९५८. तुझं नुकतंच लग्न झालेलं, अंगावर निळा कोट. दारात उभी राहून म्हणालीस, "एत्तोरेला मी सगळं सांगितलंय. तो चांगला माणूस आहे. मेना, मुलाला घेऊन जाऊ दे." मी म्हटलं, "गोवर आलाय त्याला. आत येऊ नकोस, तुझ्या कपड्यांवरून पसरेल." तू पायरीवर तासभर बसलीस आणि मग बस धरलीस.

त्याला गोवर आलेला नव्हता. तो मागच्या खोलीत टेबलाखाली बसून अंजिरं खात होता. तुझी बस गेल्यावर त्याने विचारलं, "आई, कोण आलं होतं?" मी म्हटलं, "सुया विकणारी."

हे मी पाप म्हणून कबूल करत नाही. तशी कबुली मी धर्मगुरूकडे कधीच दिली नाही, तुझ्याकडे कशाला देऊ? तुला हे कळावं म्हणून लिहितेय, की मी त्याच्यासाठी खोटं बोलले आणि पुन्हा बोलेन. त्याची गालफुगी मी निस्तरली. डांग्या खोकल्यात सात आठवडे त्याला मांडीवर बसवून झोपवलं, आडवा केला की गुदमरायचा. पहिलं प्रेम मोडलं तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही आणि दोन दिवस मीही. तू काय केलंस? नऊ महिने. नऊ महिने मला मिळाले असते तर मीही केले असते, अगदी हसत.

१९६१ साली रोमने आपली संत फिलोमेना कॅलेंडरातून काढून टाकली, ते आठवतं? एवढी देवळं, एवढे नवस, आणि यांना आढळलं की ती होऊन गेल्याचा धड पुरावा नाही. आपल्या देवळातली मूर्ती झाडूंच्या खोलीत गेली. मी धर्मगुरूंशी भांडले होते. आज मला त्यांचं म्हणणं पटतं. ज्याच्याकडे कागद, तो खरा. कागद माझ्याकडे आहे.

येऊ नकोस.

मेना


११ एप्रिल १९८८

फिलोमेना,

तू आली नाहीस. "आजारी. क्षमस्व." दोनच शब्द, दोन्ही सभ्य. गेरार्दोने तार वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि दिवसभर त्या खिशाला हात लावत राहिला.

काल बाप्तिस्मा झाला. बाळाला मार्त्सियाच्या बहिणीने धरलं. धर्मगुरू लिबेरातो ब्याऐंशी वर्षांचे आहेत. आधी त्यांनी गेरार्दोला बाजूला घेऊन विचारलं, "जोडीला एखादं पक्कं नाव ठेवूया का? आन्ना, मारिया? हिची संत यादीत नाही, माहीत आहे ना तुला?"

गेरार्दो म्हणाला, "फादर, माझ्या यादीत आहे."

पाणी पडल्यावर बाळ रडलं नाही. डोळे उघडून लिबेरातोंकडे असं बघितलं, की ते वाक्य विसरले. ते बघणं कोणाचं आहे, ते तुला माहीत आहे. मी मान फिरवली.

जेवायला तीस माणसं होती. चांभाराच्या विधवेलाही बोलावलं होतं. अशा वेळी तोंडं बंद करण्यापेक्षा भरलेली बरी. कोकराचं मटण झालं, बडीशेपेची कडबोळी झाली, आणि मग असूंताचा नवरा पेला घेऊन उठला. "तुरिनच्या फिलोमेनाबाईंना आराम पडो, त्यांच्या नावाची पोर शंभर वर्षं जगो."

मी उठणारच होते. मला जे बोलायचं होतं ते तयार होतं, फेब्रुवारीपासून तयार होतं. पण गेरार्दो आधी उठला.

"तुम्ही सगळे चुकताय," तो म्हणाला. "मावशीचं नाव नाही ठेवलेलं. मी सहा वर्षांचा असताना आईला विचारलं होतं, आई, तुला सगळे अर्ध्याच नावाने का हाक मारतात? आई म्हणाली, उरलेलं अर्धं तुरिनला गेलंय. मी म्हटलं, मोठा झालो की आणून देईन." तो हसला. "वेळ लागला जरा. ही घे, आई. पूर्ण."

आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. असूंता रडली, ती कशालाही रडते. मार्त्सिया माझ्या कानाशी म्हणाली, "म्हणून तर त्याने पहिल्या दिवसापासून हट्ट धरला, पूर्णच हाक मारायची. मला कोणाला सांगू देत नव्हता."

तर हे असं आहे. माझ्यासाठीच होतं, पहिल्यापासून. तुझी तार, गावाची बडबड, माझी तीन पत्रं, सगळं फुकट. जे मला चौसष्ट वर्षं तुझ्याकडून हिसकावून घ्यायचं होतं ते काल सगळ्यांसमोर माझ्या मांडीवर येऊन पडलं, सव्वापाच किलोचं, ओल्या लंगोटासकट.

मी जिंकले आहे, फिलोमेना. काल रात्रीपासून मी त्याच्याकडे बघते आहे आणि मला धड बसवत नाही. त्याने अर्धं तुझ्याकडून आणून मला दिलं, आणि त्याला ठाऊकच नाही त्याने कोणाकडून काय आणलं.

तू खरंच आजारी आहेस का, की मी सांगितलं म्हणून आजारी पडलीस? एवढं कळव.

मेना


२१ एप्रिल १९८८, गुरुवार

फिलोमेना,

तुझं कार्ड मिळालं. "तू सांगितलंस म्हणून." मला तेच वाटलं होतं. आयुष्यात एकदाच माझं ऐकलंस, आणि तेही नको तेव्हा.

मी त्याला सांगितलं.

मंगळवारी दुपारी मार्त्सिया बाळाला घेऊन दवाखान्यात गेली होती. गेरार्दो स्टुलावर चढून खिडकीच्या झडपेचे स्क्रू बदलत होता. त्याची पाठ माझ्याकडे होती म्हणून मला बोलता आलं. स्टुलावरच्या माणसाला बातमी सांगू नये, हे नंतर सुचलं.

"गेरार्दो, तुला मी जन्म दिलेला नाही."

"मग कोणी दिला?"

"फिलोमेना यान्नूत्सीने."

"म्हणजे तूच." तो हसत होता. "आई, तो लहान पेचकस दे."

"मी नाही. पहिलीने."

मी पेचकस दिला. त्याने उरलेले दोन्ही स्क्रू बसवले, एकेक करून, पक्के. मग खाली उतरला आणि स्टुलावरच बसला. मी सगळं सांगितलं, नेपल्स, अंगठी, वही. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू झालं नसतं.

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांनी एकदाच विचारलं, पोर आपलं ना? मी म्हटलं, तसं लिहिलंय. त्यावर ते म्हणाले, मग झालं."

"ती कधी आली नाही? मला बघायला?"

इथे मला नाही म्हणता आलं असतं. तू त्याला काही बोलली नसतीस, ते मला माहीत आहे. तुझा हा स्वभाव मला कधीच सहन झाला नाही. मी म्हटलं, "एकदा आली. तुला न्यायला. मी दारातून घालवली. तू टेबलाखाली अंजिरं खात होतास."

तो उठून बाहेर गेला. असूंताने मला मागाहून कळवलं की तो बेकरीवरून तीनदा गेला, एकदाही मान वर केली नाही, भांडण झालं का हो? जेवायच्या वेळी आला. दोन ताटल्या खाल्ल्या आणि आपली ताटली स्वतः धुतली. ते त्याने जन्मात कधी केलेलं नाही. त्यावरून मला कळलं तो किती चिडलाय.

काल दिवसभर माझ्याशी बोलला नाही. आज सकाळी शाळेत शिकवायला निघताना दारातून म्हणाला, "उद्या रात्रीच्या गाडीने तुरिनला जातोय. दार लाव, आई, वारा येतोय." वाक्यात तो शब्द होता. मी दार लावून आत येऊन बसले.

हे पत्र तोच आणतोय. त्याच्यासमोर पाकीट चिकटवलं आहे. तो वाचणार नाही, तसं मी त्याला वाढवलेलं नाही.

आता नीट वाच. त्याला सकाळी दूध चालत नाही, कॉफी काळी. पोट भरलं म्हणेल, ते खरं नसतं, आणखी एकदा वाढ. त्याच्यासमोर रडू नकोस. त्याला काय करावं सुचत नाही आणि तो उठून खिडकी उघडतो. त्याने काही विचारलं तर खरं सांग, माझ्याबद्दलसुद्धा. त्या मोजणीवाल्याबद्दल त्याने विचारल्याशिवाय सांगू नकोस. निळा कोट अजून असेल तर घालू नकोस, ते नाटक होईल.

बाळाला या खेपेला पाठवत नाही. मार्त्सिया तयार होती, मी नाही म्हटलं. एका वेळी एक.

सोमवारी सुटी असली तरी त्याच्या घरी तान्हं बाळ आहे. रविवारी सकाळच्या गाडीत त्याला बसवून दे. तुला आणखी एक दिवस ठेवावासा वाटेल. मला माहीत आहे, मी त्याला तेहतीस वर्षं ठेवलं आणि मला अजून एक दिवस हवाच आहे.

साडेसातच्या बसला मी थांब्यावर उभी असेन. तो उतरला की मी काही विचारणार नाही. फक्त त्याच्या तोंडाकडे बघेन, आणि तू किती ठेवून घेतलंस ते मला कळेल.

फिलोमेना